कलम ९-अ गेलं, आदेश १५-अ जागेवरच आहे

जळगाव असो की शिरपूर, कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘ती महाराष्ट्र अमेंडमेंट होती ना, ती रद्द झाली.’ कोणती अमेंडमेंट? कुणी केलेली? पुढे सगळं गुळमुळीत. २०१८ मध्ये दिवाणी प्रक्रिया संहितेतलं, म्हणजे दिवाणी दावे कसे चालवायचे ते सांगणाऱ्या कायद्यातलं, कलम ९-अ गेलं, एवढं सगळ्यांनी ऐकलंय. आणि त्याच संहितेतल्या, भाडेकरूंवरच्या दाव्यांसाठीच्या आदेश १५-अ च्या शेवटीही ‘अ’च आहे! माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराने तर ‘तेही गेलं’ असं धरून कोर्टात भाडं भरायचं थांबवलं. बचाव, म्हणजे दाव्याला दिलेलं उत्तर, का काढून टाकू नये, याची नोटीस हाती पडली तेव्हा धावपळ सुरू झाली.

आदेश १५-अ भाडेकरूंना पाठ असतो. जागा खाली करून मागणाऱ्या दाव्यात कोर्ट सांगेल ती थकबाकी भरायची आणि दावा चालेपर्यंत दरमहा भाडंही भरत राहायचं. नाही भरलं तर कारण विचारून, ते ऐकून घेऊन, कोर्ट बचाव काढून टाकू शकतं. हे माहीत नाही असा भाडेकरू मला तरी भेटलेला नाही. माहीत नसतं ते हे, की तो आदेश विधानसभेने केलेलाच नाही.

आधी शब्दाचा घोळ, कारण त्याने माझं डोकं फिरतं. इथला ‘आदेश’ म्हणजे न्यायाधीशांनी दिलेला हुकूम नव्हे. १९०८ च्या संहितेचे दोन भाग आहेत: पुढे १५८ कलमं आणि मागे पहिली अनुसूची, तिच्यात ५१ आदेश आणि प्रत्येक आदेशात नियम. ‘साहेबांनी आदेश ३९ दिला’ असं म्हणणाऱ्याला मी हल्ली उत्तरच देत नाही. साहेबांनी मनाई हुकूम दिला, आदेश ३९ खाली.

आता मुद्द्याचं. आपल्याकडचं जुनं धाब्याचं, म्हणजे मातीच्या छताचं, घर डोळ्यांपुढे आणा. खांब-तुळया म्हणजे कलमं, वरची माती म्हणजे आदेश-नियम. पावसाळ्याआधी माती नवी टाकायची, सारखी करायची. त्यासाठी घर पाडत नाहीत. मातीचं हे काम संहितेनेच उच्च न्यायालयाकडे दिलंय. कलम १२२ प्रमाणे उच्च न्यायालय अनुसूचीतले नियम बदलू शकतं, वगळू शकतं, नवे घालू शकतं. त्यासाठी नियम समिती असते, मसुदा आधी प्रसिद्ध करावा लागतो, राज्य सरकारची मंजुरी लागते आणि मग तो राजपत्रात येतो. आदेश १५-अ असाच मुंबई उच्च न्यायालयाने घातला, १ ऑक्टोबर १९८३ पासून. कोर्टाचा हुकूम मोडणाऱ्याचा दावा फेटाळण्याची किंवा बचाव काढून टाकण्याची मुभा देणारा आदेश ३९ चा नियम ११ हाही त्याच खेपेचा.

तुळईला मात्र उच्च न्यायालय हात लावू शकत नाही. कलम १२८ स्पष्ट सांगतं, की नियम कलमांशी विसंगत नसावेत. तुळई बदलायची तर कायदा हवा. दिवाणी प्रक्रिया समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांत आहे, म्हणून राज्य विधिमंडळ तो करू शकतं. केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल तर राष्ट्रपतींची संमती लागते. कलम ९-अ हे असं विधिमंडळाचं काम होतं. निशाणी ५ च्या अर्जावर, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या सुनावणीत, ‘या कोर्टाला अधिकारच नाही’ अशी हरकत आली की तो मुद्दा तिथेच आधी ठरवायचा. हेतू चांगला, पण दावे तिथेच वर्षानुवर्षं रुतून बसले. माझं विचाराल तर ते गेलं हे उत्तमच झालं. २०१८ ला विधिमंडळानेच ते काढलं. निकालाविना पडलेले ९-अ खालचे मुद्दे आदेश १४ खालचे, म्हणजे दाव्यातल्या नेहमीच्या वादमुद्द्यांसारखे, समजून बाकी मुद्द्यांबरोबर ठरवायचे, अशी सोयही केली. त्या कायद्याने आदेश १५-अ ला स्पर्शही केला नाही.

घोळ होतो तो राजपत्रामुळे. दोन्ही दुरुस्त्या तिथेच छापल्या जातात, दोन्हींत राज्य सरकारचं नाव येतं. म्हणून मी ‘महाराष्ट्र दुरुस्ती’ हा शब्द फक्त विधिमंडळाच्या कायद्यासाठी वापरतो. दुसरीला ‘मुंबई उच्च न्यायालयाची दुरुस्ती’. लांब आहे, असू द्या.

आणि दोन्हींच्या वर संसद. ९-अ मुळात १९७० चं. १९७६ चा केंद्रीय कायदा १ फेब्रुवारी १९७७ ला लागू झाला, आणि त्याच्याशी न जुळणाऱ्या दुरुस्त्या, विधिमंडळाच्या असोत की उच्च न्यायालयाच्या, एका फटक्यात रद्द ठरल्या. विधिमंडळाने डिसेंबर १९७७ मध्ये ९-अ पुन्हा घातलं. १९९९ आणि २००२ च्या केंद्रीय दुरुस्त्यांतही, न जुळणाऱ्या दुरुस्त्या रद्द ठरवणारं तसंच कलम आहे. म्हणजे ‘राष्ट्रपतींची सही आहे, आता कोण हलवतो’ हा भ्रमच. व्यापारी दाव्यांत तर २०१५ च्या कायद्याने सरळ लिहूनच ठेवलंय, की या दोन्हींपैकी काहीही आड आलं तर त्या कायद्याने बदललेली संहिताच चालेल.

ओळखायचं कसं? मूळ कायद्याच्या पुस्तकात त्या तरतुदीची तळटीप बघा. ‘महाराष्ट्र अधिनियम क्रमांक’ दिसला तर विधिमंडळ. नुसतं ‘मुंबई’ आणि १-१०-१९८३ अशी तारीख दिसली तर उच्च न्यायालय. ओळखीच्या त्या दुकानदाराने ती टीप नोटीस आल्यावर वाचली, थकबाकी भरली, आणि टपरीवर आता तोच इतरांना समजावत बसलेला असतो.