शिकलेले कौशल्य खोलीबाहेर नेताना

स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलाला दात घासायला शिकवणाऱ्या पालकांना पुष्कळदा एक कोड्यात टाकणारा अनुभव येतो. उपचार केंद्रातल्या ठरावीक बेसिनपाशी, ओळखीच्या ताईंसमोर मूल सगळे काही बिनचूक करते आणि घरी मात्र नळ उघडून नुसते उभे राहते. हा हट्ट आहे, असा समज चटकन होतो. पण कारण बहुधा वेगळे असते. एका प्रसंगात शिकलेली गोष्ट दुसऱ्या प्रसंगात वापरणे, ज्याला मानसशास्त्रात सामान्यीकरण म्हणतात, ते अनेक स्वमग्न मुलांच्या बाबतीत आपोआप घडत नाही. बेसिनचा रंग, ब्रशचा आकार किंवा शेजारी उभी असलेली व्यक्ती हा मुलाच्या लेखी त्या कृतीचाच भाग झालेला असू शकतो. ट्रेव्हर स्टोक्स आणि डोनाल्ड बेअर यांनी १९७७ मध्ये वर्तन-प्रशिक्षणावरील संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा ‘शिकवा आणि आशा करा’ हीच पद्धत सर्वाधिक प्रचलित असल्याचे त्यांनी काहीशा उपरोधाने नोंदवले होते. कौशल्य इतरत्र उतरावे यासाठी जागा, माणसे आणि वस्तू मुद्दाम बदलत सराव घ्यावा लागतो, आणि ही आखणी पहिल्या दिवसापासून करावी लागते.

अर्थात, त्याआधी कृतीची नीट फोड व्हायला हवी. दात घासणे आपल्याला एकच काम वाटते. प्रत्यक्षात झाकण काढणे, पेस्ट लावणे, दातांच्या एकेका बाजूवरून ब्रश फिरवणे, चूळ भरणे, ब्रश धुऊन जागेवर ठेवणे अशी ती बरीच लांब साखळी असते. ही साखळी कागदावर मांडली की मूल नेमके कोठे अडते ते कळते, आणि अडण्याचे कारण कधीकधी अजिबात अपेक्षित नसते. पेस्टची तिखट चव किंवा ब्रशचा स्पर्श मुलाला असह्य होत असेल, तर सराव कितीही वाढवला तरी उपयोग नाही. पेस्ट किंवा ब्रशच बदलायला हवा. संवेदनांची अशी तीव्रता स्वमग्नतेत इतकी सर्रास आढळते, की २०१३ पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-निकषांतही तिचा समावेश आहे.

साखळी शिकवताना शेवटाकडून सुरुवात करण्याची पद्धत मला विशेष उपयोगी वाटते. सदरा घालायला शिकवायचा असेल, तर बाकी सर्व मोठ्यांनी करून द्यायचे आणि शेवटचे बटण तेवढे मुलाने लावायचे. ते जमले की शेवटची दोन. यात प्रत्येक प्रयत्न काम पुरे होण्यातच संपतो, अपयशात नाही. दुसरी खबरदारी मदतीबाबतची. ‘आता नळ बंद कर’ हे वाक्य रोज ऐकणारे मूल त्या वाक्याचीच वाट पाहू लागते आणि सूचना हाच साखळीचा एक दुवा होऊन बसतो. म्हणून शक्य तेथे बोलण्याऐवजी पायऱ्यांची चित्रे बेसिनशेजारी लावावीत आणि आपण हळूहळू मागे सरकावे.

सामाजिक कौशल्ये याहून अवघड, कारण तेथील नियम कोणी उघड सांगत नाही आणि समोरचा माणूस बदलला की ते बदलतात. त्यात मोठ्यांचे सल्ले अनेकदा चुकीचे असतात. ‘जा, आणि मला खेळायला घ्या असे सांग’, असे आपण सुचवतो. पण मित्रांत सहज मिसळणारी मुले सहसा असे करत नाहीत. ती आधी जवळ उभी राहून ऐकतात, विषय काय आहे ते समजून घेतात, बोलण्यात थोडी उसंत मिळाली की त्याच विषयाला धरून काहीतरी बोलतात, आणि प्रतिसाद मिळाला नाही तर मुकाट्याने बाजूला होतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेत एलिझाबेथ लॉजसन आणि फ्रेड फ्रँकेल यांनी किशोरवयीनांसाठी तयार केलेल्या ‘पीअर्स’ कार्यक्रमात अशीच, मुले खरोखर वापरतात ती वागणूक पायऱ्यापायऱ्यांनी शिकवली जाते. त्याच वेळी पालकांचाही स्वतंत्र वर्ग चालतो आणि शिकलेले समवयस्कांबरोबर वापरून पाहण्याचा गृहपाठ दिला जातो. वर्गातला धडा बाहेर नेण्याची तजवीज अशी कार्यक्रमातच केलेली आहे.

तरीही सगळा भार एकट्या स्वमग्न मुलावर टाकणे योग्य नव्हे. नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांच्या २०१७ मधील अभ्यासात काही सेकंदांची चित्रफीत पाहून लोकांनी स्वमग्न व्यक्तींबद्दल इतरांपेक्षा अधिक प्रतिकूल मत बनवले. मात्र त्याच व्यक्तींचे बोलणे केवळ लिखित स्वरूपात वाचायला दिले, तेव्हा हा फरक उरला नाही. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये मांडले होते, की न समजण्याची अडचण दोन्ही बाजूंनी असते. वर्गमित्रांना थोडे शिकवणे, म्हणजे उत्तरासाठी थांबणे आणि उपरोध टाळून सरळ बोलणे, हाही म्हणूनच या शिक्षणाचा भाग आहे.

काय शिकवू नये, याचाही विचार हवा. डोळ्याला डोळा भिडवून बोलणे क्लेशकारक असते, असे अनेक स्वमग्न प्रौढांनी सांगितले आहे. ती सक्ती केवळ इतरांना बरे वाटावे म्हणून केली जाते. सतत इतरांसारखे दिसण्याचा प्रयत्न थकवणारा असतो, आणि त्याचा चिंता व नैराश्याशी संबंध संशोधनात आढळला आहे. याउलट ‘नको’, ‘थांबा’, ‘मला कळले नाही’ हे शब्दांनी, चित्राने किंवा खुणेने सांगता येणे मुलाला आयुष्यभर उपयोगी पडते. प्रत्येक सूचना पाळण्याचीच सवय लागलेले मूल पुढे चुकीच्या माणसाची सूचनाही निमूटपणे पाळू शकते. त्यामुळे शरीराचे खासगी भाग, बंद दाराआड करायच्या गोष्टी आणि नकार देण्याचा हक्क हे विषय वयात येण्यापूर्वीच सुरू करावेत. या नकाराचा सरावही इतर कौशल्यांप्रमाणेच वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या माणसांसमोर व्हायला हवा, आणि घरातल्या मोठ्यांना दिलेला नकार, सुरक्षिततेचा प्रश्न नसेल तेथे, खरोखर मानला जायला हवा.