‘टॉप वाढवून द्या’ म्हणणाऱ्या ग्राहकांसाठी

गाडी स्टँडवर लावता लावता आठवड्यातून तीन-चार जण तरी विचारतात, “स्प्लेंडर ताशी शंभरला न्यायचीय, किती खर्च येईल?” दर वेळी हात पुसत तेच सांगण्यापेक्षा आम्ही हा कागदच छापून घेतला.

स्प्लेंडरचं इंजिन साधारण 8 हॉर्सपॉवरचं, टॉप, म्हणजे जास्तीत जास्त वेग, ताशी 87 किलोमीटरच्या आसपास. त्या वेगाला इंजिनाची बरीचशी ताकद समोरची हवा बाजूला सारण्यातच जाते. वेग दुप्पट झाला की हवेचा रेटा चौपट होतो आणि त्यातून वाट काढायला ताकद लागते आठपट. या हिशेबाने शंभरला 12 हॉर्सपॉवर हवेत. एअर फिल्टर काढून, सायलेन्सर बदलून अर्धा हॉर्सपॉवर वाढला असं धरलं, तरी टॉपमध्ये दोन किलोमीटरचीही भर पडत नाही. वाढतो तो आवाज. (असल्या सायलेन्सरवर पोलीस रोडरोलर फिरवतात, पेपरात फोटो पाहिले असतीलच.) फिल्टरशिवाय धूळ आत जाते, ब्लॉक-पिस्टन घासतो आणि ते काम परत आमच्याच दारात येतं.

पण आमचा खरा वेळ खातं ते स्पॉकेट, म्हणजे चेन ज्यावर फिरते ते दात्यांचं चाक. पुढचं 14 दात्यांचं काढून बाजारातून 15 चं बसवतात. टॉप सात टक्के वाढतो म्हणे. तेवढी ताकद असती तर वाढला असता. इथे उलट होतं. ज्या आरपीएमला (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) इंजिन पूर्ण जोर देतं, तिथवर ते पोचतच नाही. टॉप गिअर टाकला की गाडी दम सोडते, जरा चढ लागला की तिसरा टाकावा लागतो. मग ग्राहक म्हणतो, “इंजिन बसलंय, खोलून बघा.” स्पॉकेटचं नाव कोणी काढत नाही. अशाच एका गाडीचा प्लग, कार्बोरेटर, टॅपेट सगळं बघण्यात आमचा अर्धा दिवस गेला. शेवटी कव्हर काढून दाते मोजले, तर पंधरा! म्हणून बाहेरून आणलेलं कमी-जास्त दात्यांचं स्पॉकेट आम्ही बसवत नाही. राग मानू नका. कंपनीच्या मापाचा चेन-सेट आमच्याकडे कायम असतो.

टॉप खरंच कमी झाला असेल, तर आधी टायरमधली हवा बघा आणि मेन स्टँडवर चाक हाताने फिरवून ब्रेक घासतोय का ते पाहा. दोन्ही बाजूंच्या बॅगा आणि फुगणारा रेनकोटही वारा धरतात. आषाढात सांगलीहून कोल्हापूरला येताना वारा तोंडावर असतो. तीच गाडी परतताना पळते. मोबाइलच्या जीपीएसवर वेग मीटरपेक्षा थोडा कमीच दिसतो, त्यावरून घाबरू नका.

एवढं बघूनही शंका राहिली तर गाडी घेऊन या. तपासणीचे पैसे पुढच्या कामात वजा करतो. फक्त मधे काय काय बदललंय ते आल्या आल्या सांगा.

आणि शंभरचाच हट्ट असेल, तर 14 हॉर्सपॉवरची दीडशे सीसी घ्या. जुनी घेत असाल तर इसार देण्याआधी एकदा आम्हाला दाखवा.