स्पायना बायफिडा असलेल्या मुलाचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र: अर्ज कुठे अडतो

गर्भधारणेनंतरच्या पहिल्या 28 दिवसांत मज्जारज्जूची नळी नीट मिटली नाही, तर बाळ स्पायना बायफिडा घेऊन जन्माला येते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील 21 प्रकारांत मात्र हे नाव स्वतंत्रपणे नाही, त्यामुळे पालक प्रमाणपत्राच्या ऑनलाइन अर्जासाठीच्या स्वावलंबन या सरकारी पोर्टलवरील यादीत ते शोधत राहतात. पायांत कमजोरी असल्यास ‘लोकोमोटर डिसॅबिलिटी’ (हालचालीचे दिव्यांगत्व) हा प्रकार निवडावा.

स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरणे, मुलाचे छायाचित्र, आधार आणि पत्त्याचा पुरावा जोडणे एवढे सरळ आहे. खरी अडचण शस्त्रक्रियेच्या कागदांची होते. स्पायना बायफिडामुळे पाठीवर आलेली गाठ जन्मानंतर लगेच, बारसे होण्याआधीच शिवलेली असते, त्यामुळे डिस्चार्ज कार्डावर केवळ ‘बेबी ऑफ’ आणि आईचे नाव असते, आणि हे आपलेच मूल आहे हे पालकांना खिडकीवर पटवून द्यावे लागते. बाळाला घेऊन आलेल्या आईला एवढ्यासाठी परत पाठवणे अन्यायाचे आहे. तरीही तसे घडते, म्हणून आईचे नाव व जन्मतारीख दाखवणारा जन्मदाखला त्या कार्डासोबत अवश्य ठेवावा.

तपासणीत आजाराच्या नावाला नव्हे, तर त्यामुळे आलेल्या मर्यादेला टक्के मिळतात, आणि बहुतेक सवलतींसाठी किमान 40 टक्के लागतात. पाय डॉक्टरांना दिसतात. लघवी आणि शौचावर ताबा नसणे दिसत नाही, आणि संकोचापोटी पालकही ते बोलत नाहीत. कृपया बोला, आणि कॅथेटर (लघवी काढण्याची नळी) वापरत असल्यास त्याची चिठ्ठी दाखवा. डोक्यात पाणी साठून ते बाहेर काढणारी नळी, म्हणजे शंट, बसवला असेल, तर ते कागदही सोबत न्या.

लहान मुलाची स्थिती बदलू शकत असल्याने प्रमाणपत्र अनेकदा तात्पुरते मिळते. त्यावरची तारीख ही पुन्हा अर्ज करण्याची तारीख आहे असे समजून पालक थांबतात. वस्तुतः त्या दिवशी प्रमाणपत्र संपते, म्हणून फेरतपासणीची तयारी काही महिने आधीच सुरू करावी.

निरामय आरोग्य विम्याचा अर्जही याच प्रमाणपत्रावर नाकारला जातो, कारण ती योजना ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व यांच्यापुरतीच आहे. शंट असलेल्या मुलाच्या बौद्धिक वाढीबद्दल शंका असल्यास तिची स्वतंत्र तपासणी करून घ्यावी. दोन्ही दिव्यांगत्वे नोंदली गेली, तर बहुदिव्यांगत्वाच्या आधारे अर्ज करता येतो.

टक्के कमी दिले गेले असे वाटल्यास निर्णयापासून 90 दिवसांच्या आत अपील करता येते.