प्रेमकथेत कुत्र्याला काम काय?

प्रेमकथा लिहिणाऱ्याला पहिल्याच प्रकरणात एक अडचण येते. दोन अनोळखी माणसं एका जागी आणली खरी, पण ती एकमेकांशी बोलणार कशी? नायक आपणहून बोलायला गेला तर आगाऊ ठरतो, आणि गप्प राहिला तर कथा तिथेच आटोपते. मग त्याचा कुत्रा साखळीला हिसडा देतो, नायिकेच्या कपड्यांवर चिखलाचे पंजे उमटवतो आणि गाडी मार्गाला लागते. वापरून वापरून गुळगुळीत झालेली ही युक्ती आहे. तरीही ती चालते, आणि का चालते हे मानसशास्त्रज्ञांनी चक्क मोजून पाहिलं आहे.

ब्रिटनमधल्या वॉरिक विद्यापीठातल्या जून मॅकनिकोलस आणि ग्लिन कॉलिस यांनी २००० साली याबद्दलचे दोन प्रयोग प्रसिद्ध केले. एकच व्यक्ती रोजच्या वाटेवर कधी कुत्र्यासह, कधी एकटी जायची, आणि किती लोक तिच्याशी बोलतात याची नोंद व्हायची. कुत्रा मुद्दाम असा निवडला होता, की तो कुणाच्या अंगाला लागणार नाही, शेपूट हलवत कुणाकडे जाणार नाही. तरी कुत्रा सोबत असताना बोलणारे लोक खूपच वाढले. दुसऱ्या प्रयोगात एका माणसाला कधी टापटीप, तर कधी गबाळे कपडे घालून पाठवलं. कपड्यांनी थोडा फरक पडला, पण सर्वांत मोठा फरक पडला तो कुत्रा असण्या-नसण्याने.

कारण साधं आहे. अनोळखी माणसाशी बोलण्यात दोन धोके असतात: समोरचा झिडकारेल, किंवा आपल्या हेतूबद्दल शंका घेईल. ‘किती महिन्यांचा आहे हो?’ या प्रश्नात दोन्ही टळतात. विचारणाऱ्याची नजर कुत्र्यावर, उत्तर देणाऱ्याचीही कुत्र्यावर. आपल्याकडच्या सोसायट्यांमध्ये तर पुढची पायरीही दिसते. कुत्र्याचं नाव सगळ्या बिल्डिंगला पाठ, आणि मालकीणबाई वर्षानुवर्षं ‘ब्रुनोची आई’.

फ्रान्समध्ये २००८ साली असाच एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका तरुणाने रस्त्यात मुलींना फोन नंबर मागितला. कुत्रा सोबत असताना शंभरातल्या साधारण २८ जणींनी तो दिला, नसताना ९ जणींनी. हा आकडा अनेक ठिकाणी उगाळला जातो. मी मात्र तो जरा हात राखूनच सांगतो, कारण त्यामागच्या एका संशोधकाच्या इतर बऱ्याच प्रयोगांच्या आकडेवारीवर पुढे गंभीर प्रश्न उपस्थित झाले.

निमित्ताचं काम कुत्र्यानेच करावं असंही नाही. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त ते भुंग्याकडे आहे. झाडाआड उभा दुष्यंत पुढे यायचं कारण शोधतोय, तेवढ्यात नवमालिकेवरून उठलेला भुंगा शकुंतलेच्या चेहऱ्याभोवती घोंगावू लागतो. वाचवा म्हटल्यावर सख्या थट्टेने म्हणतात, आम्ही कोण वाचवणार, दुष्यंताला हाक मार! झालं, राजेसाहेब हजर. त्याला आश्रमापर्यंत आणणारंही हरीणच.

प्राण्याचं दुसरं काम अधिक नाजूक आहे, ते म्हणजे माणूस पारखायचं. इस्राएलमधल्या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्त्रियांना काही काल्पनिक पुरुषांची वर्णनं वाचायला दिली. काही वर्णनं घरेलू, जबाबदार पुरुषांची होती, काही दिलफेक पुरुषांची. त्यातल्या काहींच्या घरी कुत्रा होता. कुत्र्यामुळे दीर्घकाळच्या जोडीदारासाठी सर्वांत जास्त भाव वधारला तो दिलफेक मंडळींचा! कुत्रा सांभाळतो म्हणजे आतून चांगला असणार, हा तर्क तिथे कामी आला. तुसड्या नायकाच्या घरी हमखास लंगडा, उचलून आणलेला कुत्रा का असतो, ते यावरून कळतं. मांजराच्या वाट्याला मात्र हे भाग्य नाही. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तरुणींना पुरुषांचे फोटो दाखवले. हातात मांजर असलेला तोच पुरुष त्यांना कमी मर्दानी वाटला आणि त्याच्यासोबत डेटवर जायची तयारीही घटली.

अर्थात हे सगळं पाहणाऱ्याच्या डोक्यातलं आहे. प्राण्याला स्वतःला माणूस कळतो का?

‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकात हाच प्रश्न दरबारात येतो. अंगठी हरवलेली, राजा ओळख दाखवत नाही. तेव्हा शकुंतला पुरावा म्हणून दीर्घापांग या पाडसाची आठवण सांगते. कमळाच्या पानाच्या द्रोणात पाणी होतं, तुम्ही ते आधी त्याला देऊ केलंत, पण अनोळखी हातातून तो प्यायला नाही. तेच पाणी मी धरल्यावर प्यायला. तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, ज्याचा त्याचा आपल्या माणसांवर विश्वास, तुम्ही दोघंही रानातलीच! वर्तनशास्त्राच्या हिशेबाने राजाचं म्हणणं बरोबर आहे. पाडसाने शील तपासलं नव्हतं, रोजचा हात ओळखला होता. तरी वाचकाला त्या पाडसाचंच खरं वाटतं, आणि कालिदासाला ते पक्कं ठाऊक असणार.

कुत्र्यांच्या बाबतीत मात्र थोडी जागा उरते. जपानमधल्या क्योतो विद्यापीठातला २०१५चा प्रयोग पाहा. मालक एक डबा उघडायला धडपडतोय आणि शेजारच्या माणसाकडे मदत मागतोय. तो माणूस तोंड फिरवतो. तिसरा एक जण नुसता बसलेला. मग तो नकार देणारा आणि हा तिसरा, दोघंही कुत्र्यापुढे खाऊ धरतात. कुत्र्यांनी नकार देणाऱ्याला टाळलं. गंमत म्हणजे, दुसऱ्या गटात जेव्हा त्या माणसाने मदत केली, तेव्हा त्याला काही झुकतं माप मिळालं नाही. कुत्र्याने पाहिला तो फक्त मालकाचा अपमान. इतर प्रयोगशाळांत अशा चाचण्यांचे निकाल नेहमी इतके स्पष्ट येत नाहीत, हेही खरं.

२०२१ साली तीच परीक्षा मांजरांची झाली. मालकाला मदत नाकारणाऱ्याच्या हातचंही त्यांनी निवांतपणे खाल्लं. त्यावरून मांजरांना माणसं कळत नाहीत असं ठरत नाही. कुत्र्याचा पूर्वज लांडगा टोळीने शिकार करणारा, मांजराचे रानटी पूर्वज एकटे. सोबत्याला कुणी मदत केली, कुणी नाकारली, याचा हिशेब ठेवायची गरज त्यांना फारशी पडलीच नसावी.