‘थोडी घेतली तर हृदयाला बरी’ या समजाची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात पन्नाशीच्या माणसाला डॉक्टरांनी दारू बंद करायला सांगितली की घरात कोणीतरी हमखास म्हणतं, ‘थोडी घेतली तर हृदयाला बरी असते.’ सर्दीला किंवा बाळंतिणीला चमचाभर ब्रँडी देणं जुनंच आहे. हृदयाचं नाव घेऊन दारूची शिफारस करणं मात्र अलीकडचं, आणि ते युरोपातून आलेलं आहे.

त्याआधी काही डॉक्टरांनी नेमकं उलटच नोंदवलं होतं. १८८४ मध्ये म्युनिकच्या ओटो बोलिंगर यांनी शवविच्छेदनात भरपूर बिअर पिणाऱ्यांची फुगलेली हृदयं पाहून ‘म्युनिकचं बिअर-हृदय’ असं त्याचं वर्णन केलं. १९१५ मध्ये फ्रेंच डॉक्टर कामिय लियाँ यांनी सैनिकांची तपासणी केली. रोज दोन-अडीच लिटर किंवा त्याहून जास्त वाइन पिणाऱ्यांत रक्तदाब वाढलेला जास्त आढळला. या निरीक्षणाकडे पुढची पन्नासेक वर्षं फारसं कोणी पाहिलं नाही.

वारं फिरलं ते १९७९ नंतर. जिथे वाइन जास्त प्यायली जाते तिथे हृदयविकाराने मृत्यू कमी, अशी देशोदेशीची आकडेवारी त्या वर्षी प्रसिद्ध झाली. १९८१ मध्ये लंडनच्या सरकारी नोकरांच्या अभ्यासात मध्यम पिणाऱ्यांचे मृत्यू न पिणाऱ्यांपेक्षाही कमी दिसले. १९९२ मध्ये फ्रेंच संशोधक सर्ज रनो यांनी ‘फ्रेंच विरोधाभास’ मांडला, लोणी-चीज खाऊनही फ्रेंचांचं हृदय कसं टिकतं याचं श्रेय वाइनला दिलं, आणि ही गोष्ट जगभर पसरली.

यातली चूक १९८८ मध्येच संशोधक ए. जी. शेपर यांनी ब्रिटनमध्ये दाखवली होती. ‘न पिणारे’ या गटात आजारपणामुळे सोडलेलेही मोजले गेले होते. मधुमेह निघाला, बीपीची गोळी सुरू झाली, छातीत दुखलं म्हणून बाटली बंद केली; असा माणूस कागदावर न पिणारा ठरतो आणि त्याचा मृत्यूही त्याच खात्यात जमा होतो. शिवाय जेवणाबरोबर एक ग्लास घेऊन थांबणारा युरोपीय माणूस बहुधा पगारदार, शिकलेला, माणसांत राहणारा असतो. त्या सगळ्याचं श्रेय ग्लासाला गेलं.

आपल्याकडच्या लोकांना तर तो फायदा आकड्यांतही दिसला नाही. हृदयविकाराच्या झटक्यावरच्या ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासातून दक्षिण आशियाची माहिती २००७ मध्ये वेगळी काढली तेव्हा इथे पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतरत्र ५८.८ व्या, असं दिसलं. इतर देशांत दारूमुळे जो बचाव दिसत होता तो दक्षिण आशियात आढळला नाही. २०१० मध्ये भारतातल्या कारखान्यांतल्या पुरुष कामगारांच्या पाहणीत पिणाऱ्यांत हृदयविकार उलट जास्तच होता. २०१९ मध्ये चीनमधल्या सुमारे पाच लाख लोकांच्या अभ्यासात जनुकांच्या आधारे पडताळणी झाली. माफक पिण्याने पक्षाघातापासून बचाव होत नाही, पिणं वाढेल तसा रक्तदाब आणि पक्षाघाताचा धोका वाढतो, असं त्यातून निघालं. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की दारूचं कुठलंच प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही.

सीमाभागात दारू कशी प्यायली जाते, हे इथल्या राज्यकारभाराच्या इतिहासाने ठरवलं. बेळगाव मुंबई इलाख्यात होतं, म्हणून १८७८ चा मुंबई अबकारी कायदा इथे लागू झाला आणि गाळणं-विकणं परवान्याखाली आलं. १९२४ चं काँग्रेस अधिवेशन गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावातच भरलं; त्यांच्या विधायक कार्यक्रमात दारूबंदी होतीच. पुढे १९४९ चा कायदा आला आणि १९५० पासून मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी झाली. इथे मात्र घाट उतरला की पोर्तुगीजांचा गोवा, आणि तिथे बंदी नाही. गुळाची हातभट्टी आणि गोव्याची चोरटी बाटली, असे दोन रस्ते उघडे राहिले. चोरून प्यायची म्हणजे पटकन, पाण्याशिवाय, एका बैठकीत संपवायची. बंदी गेली तरी ही सवय राहिली, आणि हृदयाच्या दृष्टीने ती सगळ्यात वाईट.

१९५६ मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं, १९६७ मध्ये तिथली दारूबंदी उठली. मग सारायीचा, म्हणजे अरक या स्वस्त देशी दारूचा, जमाना आला. पुढे ती प्लास्टिकच्या पाकिटांत मिळू लागली. १९८१ मध्ये बंगळूरला मिथेनॉल हा विषारी मद्यार्क मिसळलेल्या दारूने ३०० हून अधिक माणसं दगावली. १ जुलै २००७ पासून कर्नाटकने अरकावर बंदी घातली. पाकिटवाला मजूर त्यानंतर स्वस्त व्हिस्की-रमच्या नव्वदीवर (९० मिली) आणि क्वार्टरवर (१८० मिली) गेला. कच्चा माल इथलाच आहे: उसाच्या मळीपासून आसवनीत (डिस्टिलरीत) मद्यार्क होतो, तोच पातळ करून रंग-वास घालून बाटलीत येतो.

आता मापाचं बोलू, कारण ‘थोडी’ या शब्दात सगळा घोळ आहे. ४२.८ टक्के तीव्रतेच्या ३० मिलीमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. म्हणजे नव्वदीत ३०, क्वार्टरमध्ये ६० ग्रॅम. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत ४१ ग्रॅम, म्हणजे ३० मिलीचे चार पेग. यकृत तासाला सात ते दहा ग्रॅम निपटतं. रात्री दहाला संपवलेली क्वार्टर पहाटे चार-सहापर्यंत रक्तात राहू शकते. सकाळच्या पाळीला फाउंड्रीत उभा राहणारा कामगार त्यामुळे अर्धवट नशेत, आणि लघवीवाटे पाणी गेल्याने कोरडा असू शकतो.

रोज ८० ग्रॅम, म्हणजे क्वार्टरवर आणखी साठ मिली, पाच वर्षांहून जास्त काळ चालली तर हृदयाचा स्नायू सैल पडू शकतो. दम लागतो, पाय सुजतात, इको तपासणीत हृदयाचं पंपिंग कमी दिसतं. वेळेत बंद केली तर यातले बरेच जण काही महिन्यांत सुधारतात. रक्तदाबही ऐकतो: रोज सहा पेगांपेक्षा जास्त घेणाऱ्यांनी प्रमाण निम्म्यावर आणलं तेव्हा वरचा दाब सरासरी ५.५ अंकांनी उतरला. रोज न पिणाऱ्यांसाठी १९७८ चं एक निरीक्षण लक्षात ठेवावं. सुट्टीत भरपूर प्यायल्यानंतर धडधड आणि अनियमित ठोके घेऊन रुग्ण येतात, म्हणून त्याला ‘हॉलिडे हार्ट’ नाव पडलं. पगाराच्या, जत्रेच्या, लग्नाच्या रात्री आपल्याकडे तेच घडतं, आणि सोबत खारे शेंगदाणे, भडंग, लोणचं यांचं मीठ असतं.

वय वाढतं तसं शरीरातलं पाणी घटतं, म्हणून पस्तिशीत झेपणारी नव्वदी पासष्टीत रक्तात जास्त तीव्र होते. छातीदुखीसाठी जिभेखाली धरायची सॉर्बिट्रेट आणि दारू मिळून दाब एकदम कोसळू शकतो, माणूस न्हाणीघरात पडू शकतो. अॅस्पिरिनबरोबर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या जवळपास अडीच लाख लोकांच्या पाहणीत भरपूर पिणाऱ्यांच्या गुणसूत्रांची टोकं आखूड दिसली. पेशी म्हाताऱ्या होण्याची ती एक खूण आहे.

पण बाटली एकटी काम करत नाही. १९७८ मध्ये लंडनच्या त्याच सरकारी कचेऱ्यांत सगळ्यात खालच्या श्रेणीतल्या शिपायांमध्ये हृदयविकाराचे मृत्यू वरिष्ठांच्या तिपटीहून जास्त निघाले, आणि सिगारेट-बीपीचा हिशेब वजा केला तरी फरक पुरता मिटला नाही. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अॅलामेडा परगण्यात जवळपास सात हजार लोकांच्या नऊ वर्षांच्या नोंदी मांडल्या गेल्या. नातेसंबंध सगळ्यात कमी असलेल्या पुरुषांत मृत्यूचं प्रमाण २.३ पट, बायकांत २.८ पट होतं. मुलं पुणे, गोवा, बंगळूरला गेलेल्या घरात मागे राहिलेला बाप संध्याकाळी कोणाशी बोलतो, हा प्रश्न म्हणून डॉक्टरांनी बीपीइतकाच विचारायला हवा. त्याला दारू सोडायला सांगताना संध्याकाळी सात ते नऊ त्याच्याजवळ कोण असेल, हे घरच्यांनी आधी ठरवावं. भजनी मंडळ, वाचनालय, देवळाचा कट्टा, काहीही चालेल. तिथे बाटली नसावी आणि कोणीतरी वाट पाहणारं असावं.

रोज क्वार्टर किंवा जास्त घेणाऱ्याने मात्र शपथ घेऊन एका दिवसात, घरच्या घरी सोडू नये. ६ ते २४ तासांत हात कापतात, घाम येतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. ४८ ते ७२ तासांत भास आणि बरळणं सुरू होऊ शकतं, त्यात हृदयाचा ठोकाही बिघडतो. आधी डॉक्टरांकडे न्यावं, किती घेतो ते मिलीमध्ये खरं सांगावं. ‘अशक्तपणा आहे’ म्हणून नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावलं तर मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून जीवनसत्त्व बी-१ चं इंजेक्शन ग्लुकोजच्या आधी द्यावं लागतं. फिट किंवा बरळणं दिसताच १०८ ला फोन करावा आणि रुग्णाला कुशीवर झोपवावं.