डायसल्फिराम आणि कोकेनचे व्यसन

डायसल्फिराम हे दारू सोडवण्यासाठीचे जुने औषध. कोकेनच्या व्यसनावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आजवर एकाही औषधाला मान्यता दिलेली नाही. त्यामुळे संशोधक या गोळीकडे नव्याने वळले, आणि ती कोणाला लागू पडेल हे रुग्णाच्या जनुकावरून ठरते का, हा प्रश्न त्यातूनच पुढे आला.

सोलापूरला ही गोळी परकी नाही. हातभट्टीने या जिल्ह्यातले संसार पोखरले. २०२१ साली ग्रामीण पोलिसांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घेतले, ते दारू गाळणाऱ्या कुटुंबांना दुसरा रोजगार मिळावा म्हणून. घरातली बाई कंटाळून गोळी कुस्करते आणि नवऱ्याच्या आमटीत कालवते, हेही घडते. तिची अगतिकता समजते, पण हे कधीही करू नये. गोळी पोटात असताना दारू घेतली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. जीवही जाऊ शकतो. गोळी थांबवल्यावरही हा धोका सुमारे दोन आठवडे राहतो.

असे होते कारण दारूपासून शरीरात तयार होणारे असिटाल्डिहाइड पुढे पचवणारे विकर डायसल्फिराम बंद पाडते. कोकेनच्या बाबतीत दुसरे विकर महत्त्वाचे : डोपामिन बीटा-हायड्रॉक्सिलेज, थोडक्यात डीबीएच. ते मेंदूतल्या डोपामिन या रसायनापासून नॉरएपिनेफ्रिन हे दुसरे रसायन बनवते. डायसल्फिराम हेही विकर रोखते. ते रोखले की नॉरएपिनेफ्रिन घटते आणि कोकेनची ओढ कमी होत असावी, असा तर्क आहे.

डीबीएचचे जनुक नवव्या गुणसूत्रावर असते. त्याच्या सुरुवातीच्या भागात एका जागी ‘सी’ऐवजी ‘टी’ हे अक्षर असले, तर रक्तात हे विकर कमी आढळते. अमेरिकेत ७४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जनुकाच्या दोन्ही प्रतींत ‘सी’ असलेल्यांना गोळीचा उपयोग अधिक झाला. ‘टी’वाल्यांत विकर मुळातच कमी; आधीच बारीक धार असलेल्या नळाची चावी आणखी आवळून काय फरक पडणार? मात्र हे रुग्ण अफूवर्गीय व्यसनासाठी मेथाडोन हे औषधही घेत होते आणि संख्या लहान होती. एवढ्यावरून जनुक तपासून गोळी लिहून द्यावी, अशी वेळ आलेली नाही. यकृताच्या चाचण्या, म्हणजे एसजीओटी आणि एसजीपीटी, मात्र आजही टाळता येत नाहीत. हे औषध क्वचित यकृताला गंभीर इजा करते.

उपचार लागू पडतो की नाही, हे लघवीवरून कळते. तपासायचे असते ते बहुधा कोकेन नव्हे, तर त्यापासून बनणारे बेंझॉइलएक्गोनिन. शेवटच्या सेवनानंतर ते साधारण दोन ते चार दिवस सापडते. लघवी तपासण्याची पट्टी वाचताना घरच्यांची गफलत होते, कारण गरोदरपणाच्या पट्टीची सवय डोळ्यांना असते. इथे उलटे असते. दोन रेघा म्हणजे अंश नाही किंवा ठरलेल्या मर्यादेखाली आहे. पट्टीवरचा ‘सी’ म्हणजे कंट्रोल आणि ‘टी’ म्हणजे टेस्ट; जनुकातल्या अक्षरांशी त्यांचा संबंध नाही. ‘सी’पुढे रेघ उमटली आणि ‘टी’पुढची जागा कोरी राहिली, तर अंश आहे. ‘टी’ची रेघ पुसट असली तरी ती रेघच धरतात. मुलावर आळ घेण्याआधी प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफी व मास स्पेक्ट्रोमेट्रीने खात्री करून घ्यावी.

कोकेनची पट्टी मेफेड्रोन, म्हणजेच एमडी, हा दुसरा अमली पदार्थ पकडत नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात सोलापूरजवळच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीत पोलिसांनी एमडीचा कारखाना उघडकीस आणला. त्यामुळे इथे पट्टीवर दोन रेघा आल्या म्हणून निश्चिंत होण्याआधी, ती कोणत्या पदार्थाची आहे हे वेष्टनावर वाचून घ्यावे लागते.