प्रदर्शन संपलं, माणसं बर्लिनमध्ये राहिली

१८८४ साली जर्मनीने आफ्रिकेत कॅमेरून, टोगो आणि आजचा नामिबिया ताब्यात घेतला. बारा वर्षांनी बर्लिनच्या ट्रेप्टोव्ह उद्यानात वसाहतींचं प्रदर्शन भरलं आणि त्यात चक्क माणसं मांडली गेली. वसाहतींतून आणलेल्या शंभराहून अधिक जणांनी खोट्या खेड्यांत दिवसभर ‘आपलं जगणं’ करून दाखवायचं होतं. त्यांतले काही मिशनच्या शाळांत शिकलेले, घरी सूट घालणारे. इथे मात्र त्यांना ‘पारंपरिक’ वेश चढवायला लावला. कॅमेरूनच्या क्वेले न्दुम्बे यांनी तो नाकारला. त्यांनी एक छोटी दुर्बीण विकत घेतली आणि बघायला आलेल्या गर्दीलाच ते त्यातून न्याहाळू लागले. या सगळ्या इतिहासात मला हा क्षण फार मोठा वाटतो.

प्रदर्शन उठल्यावर काही जण परतले नाहीत. त्यांतले मार्टिन डिबोबे फिटरचं काम शिकले, १९०२ साली सुरू झालेल्या बर्लिन मेट्रोत लागले आणि पुढे मोटरमन झाले. घरमालकाच्या मुलीशी त्यांनी लग्न केलं. पगार होता, संसार होता, शहरात ओळख होती, नागरिकत्व नव्हतं. वसाहतीतला माणूस कायद्याने जर्मनीची प्रजा, पण जर्मन नव्हे. पुढचे सगळे हाल याच एका फटीतून आले.

२७ जून १९१९ रोजी, पहिल्या महायुद्धात हरलेल्या जर्मनीच्या व्हर्सायच्या तहावर सह्या व्हायच्या आदल्या दिवशी, डिबोबे आणि आणखी १७ जणांनी सरकारपुढे ३२ मागण्या ठेवल्या: समान हक्क, मारहाण आणि वेठबिगार बंद, मिश्र विवाहांना मान्यता, संसदेत आपला प्रतिनिधी. त्या मान्य झाल्या नाहीत. वसाहती तर तहातच गेल्या. डिबोबेंची नोकरीही गेली. १९२२च्या सुमारास ते कुटुंबासह कॅमेरूनला निघाले, पण तिथल्या नव्या फ्रेंच सत्तेने त्यांना उतरूच दिलं नाही. ते लायबेरियाला गेले. तिथून पुढे त्यांचा माग लागत नाही.

जर्मनीची आणखी एक वसाहत म्हणजे पूर्व आफ्रिका, आजचा टांझानिया. तिथल्या दार-ए-सलामचे बायुमे मोहम्मद हुसेन लहान वयातच पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या बाजूने लढले होते. १९२९ साली ते स्वतःचा आणि वडिलांचा थकलेला पगार मागायला बर्लिनला आले. सरकारने तो नाकारला. वेटरचं काम करत, विद्यापीठात स्वाहिली शिकवत ते तिथेच राहिले. १९४१ साली गोऱ्या स्त्रीशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून नाझींनी त्यांना पकडलं. नोव्हेंबर १९४४मध्ये साक्सेनहाउसेनच्या छळछावणीत त्यांचा मृत्यू झाला.